लेम्पीचा रिकामा लॅपटॉप

त्या दिवशी धड बर्फही पडत नव्हता आणि धड पाऊसही. मधलंच काहीतरी ओलं, जड, राखाडी आभाळातून खाली येत होतं आणि जमिनीला टेकलं की तिथेच बसून राहत होतं. सरोवराकडून रोज वारा यायचा, तोही आला नव्हता. आमच्याकडे फेब्रुवारी सरता सरता असे दिवस येतात. हिवाळा स्वतःच कंटाळलेला असतो, पण उठून जायचं त्याच्याही जिवावर येतं.

मी चर्चच्या तळघरातून निघालो होतो. काखेत लेम्पीचा लॅपटॉप, त्याच्यावर गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी, कोटाच्या खिशात पेनड्राइव्ह. काम साधंच होतं. लेम्पीच्या घरी जायचं, लॅपटॉप टेबलावर मांडायचा, चालू करून दाखवायचा, कॉफी प्यायची आणि रस्ता ओलांडून घरी यायचं. लेम्पी हेक्किला माझी समोरची शेजारीण. तिचा नवरा रेइनो आणि मी एकाच टोळीत लाकडं तोडली. तो गेला, माझी बायको त्याच्या आधी गेली. मग रस्त्याच्या अलीकडे मी आणि पलीकडे लेम्पी, असे आम्ही दोघं उरलो.

माझं शिक्षण म्हणाल तर वडिलांचा पाय झाडाखाली सापडला तेव्हाच संपलं. त्यानंतर हातात करवत आली ती म्हातारपणीच सुटली. कॉम्प्युटरशी माझा काय संबंध? पण तळघरातलं ते काम बघणारी डोरीन पेल्टो एकदा मला म्हणाली, "एनो, घरी बसून भिंतीला काय शिकवतोस? इथे ये. वाचता येतं ना? मग झालं. ते विचारतं, आपण हो म्हणायचं आणि पुढे जायचं. लग्नासारखंच आहे."

आणि खरंच तसंच होतं. लोकांनी टाकून दिलेले जुने कॉम्प्युटर तळघरात यायचे. नवीन काही त्यांच्यावर चालत नाही म्हणून कुणी ते कचऱ्यात काढायचं, कुणी आमच्या पायरीवर ठेवून जायचं. आम्ही ते पुसायचो आणि त्यांच्यात लिनक्स घालायचो, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्रॅम. ते फुकट असतं. कुणाच्या एकट्याच्या मालकीचं नाही, कुणीही घ्यावं, कुणालाही द्यावं. माझ्यासारख्यालाही जमेल इतकं सोपं असतं. मग ज्यांना नवीन घेणं परवडत नाही त्यांना ते मशीन देऊन टाकायचं.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडायची. लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन मशीनला लावलं की मशीन त्याच्यावरच चालू होतं. आतल्या डिस्कला हातही लावावा लागत नाही. आधी चालवून बघायचं, पटलं तर मग आत कायमचं उतरवायचं. पेनड्राइव्हवर चालतं तोवर ते काहीच लक्षात ठेवत नाही. बंद केलं की विसरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरं. मला वाटायचं, माणसालाही असं करता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

डोरीनचा एकच नियम होता. काम झालं की आपला पेनड्राइव्ह जिन्याजवळच्या फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा. नाहीतर ते कुणाच्या तरी खिशात धुऊन निघतात. प्रत्येकाच्या पेनड्राइव्हला वेगळी दोरी होती. माझ्या पेनड्राइव्हला लाल लोकर. ती सवय हातात इतकी मुरली होती की मशीन बंद झालं की हात आपोआप पेनड्राइव्ह उपसायचा.

लेम्पीचा लॅपटॉप म्हणजे रेइनोचाच. त्याची डिस्क मेली होती, आत खडखडायची. मी ती काढून टाकली. डोरीनने नव्या डिस्क मागवल्या होत्या, त्या टपालात कुठेतरी अडकल्या होत्या. तोवर पेनड्राइव्हवर चालवू, असं ठरलं. कारण लेम्पीला थांबायला वेळ नव्हता.

तिची मुलगी मार्लीन तिकडे ॲरिझोनात असते. आईला घेऊन जायचं म्हणून मागे लागली होती. तिथल्या एका वृद्धाश्रमात खोलीही बघून ठेवली होती. लेम्पी ऐकेना. शेवटी मार्लीनने अट घातली. रोज दुपारी आईने कॉम्प्युटरवर चेहरा दाखवायचा. आई नीट आहे, खातेपिते आहे, असं दिसलं तर आई तिच्या घरात राहील. नाही दिसलं, तर मार्लीन येऊन घेऊन जाईल.

आणि लेम्पी नीट नव्हती. हे मला माहीत होतं. तिचा अंगावरचा झगा बदलत नव्हता. मी नेऊन दिलेली मांस-बटाट्याची पेस्टी दुसऱ्या दिवशी तशीच ताटलीत दिसायची, एक कोपरा कुरतडलेला. "खाईन रे, घाई काय आहे," म्हणायची. मी खोऱ्याने बर्फ उपसून तिचा रस्ता मोकळा करायचो, लाकडं आणून ठेवायचो, आणि गप्प बसायचो. तिने सांगितलं होतं गप्प बस म्हणून. शिवाय माझ्याही अंगात भांडायचं बळ उरलं नव्हतं.

तर त्या दिवशी मी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडला. पेनड्राइव्ह लावला, चालू केला, त्याच्यावरूनच मार्लीनला फोन लावून बघितला. मार्लीन दिसली, मी दिसलो. लेम्पी आमच्याकडे पाठ करून चुलीशी उभी होती.

"ये ना समोर," मी म्हटलं.

"आज नको. केस विंचरले नाहीत. सांग तिला, उद्यापासून."

मी तसं सांगितलं. मग लॅपटॉप बंद केला, लेम्पीला पुन्हा एकदा सगळं समजावलं, कॉफी प्यायलो. तळघरात माझा डबा राहिला होता, तो आणायला परत गेलो, मग घरी आलो.

पुढच्या दिवसांत मी खोरं चालवता चालवता खिडकीतून हाताने विचारायचो, चालतंय का? ती मान हलवायची. चालतंय.

आठवड्याने मार्लीनचा फोन आला.

"एनोकाका, तुमचे उपकार कसे फेडू? आई किती छान दिसते हो! मी उगाच घाबरले होते. गालांवर लाली आहे, निळा स्वेटर घालून बसते. काल तर वेलदोड्याचा गोड पुल्ला-पाव भाजला होता, मला ताट दाखवलं."

"निळा स्वेटर?" मी म्हटलं.

"तो नाही का, लग्नाच्या वाढदिवसाचा."

मी फोन ठेवला आणि खिडकीतून समोर पाहिलं. लेम्पी त्याच मळक्या झग्यात पडद्याआड उभी होती. धुराड्यातून धूर येत नव्हता. मनात म्हटलं, असेल. मुलीसाठी तेवढ्यापुरती आवरून बसत असेल. आईचं काय सांगावं.

दुसऱ्या दिवशी मी तळघरात गेलो. डोरीन नव्या डिस्कची खोकी उघडत होती.

"या, साहेब आले!" ती म्हणाली. "तुझी लाल लोकर आठवडाभर खिळ्यावर लोंबतेय. कामाला दांडी मारायची तर सांगून मारावी."

मी फळीकडे पाहिलं. लाल लोकर खिळ्यावर होती. तिच्या टोकाला माझा पेनड्राइव्ह.

"हा इथे कधी आला?"

"तूच नाही का अडकवलास? डबा न्यायला आलास त्या दिवशी. मी इथेच बसले होते. एनो, बस जरा. चेहरा का असा झाला तुझा?"

मी बसलो. हाताने सवयीने पेनड्राइव्ह उपसला होता. सवयीनेच तो इथे अडकवला होता. म्हणजे लेम्पीच्या टेबलावर जो लॅपटॉप होता त्यात डिस्क नव्हती आणि पेनड्राइव्हही नव्हता. त्यात काहीच नव्हतं. इंजिन काढलेल्या ट्रकसारखा तो. चालू होणं शक्यच नव्हतं.

मी उठलो. एक डिस्क मागून घेतली, पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि निघालो.

लेम्पीचं दार उघडंच असतं. आत अंधारलं होतं, दुपार असूनही. थंड चुलीचा वास, ओल्या लोकरीचा वास. ती टेबलाशी बसली होती, लॅपटॉपसमोर, हात मांडीवर.

"बरा आलास," ती म्हणाली. "तिची वेळच झालीय."

"लेम्पी, हा चालतो?"

"चालतो की. सुरुवातीला कटकट करतो जरा."

तिने बटण दाबलं. पडदा काळा राहिला. मग वरच्या कोपऱ्यात पांढरी ओळ उमटली. ती ओळ मला पाठ आहे. तळघरात रोज बघतो. आत काही सापडलं नाही, असं ती सांगते. त्याच्यापुढे मशीन जात नाही.

"हे असंच म्हणतो तो," लेम्पी म्हणाली. "थांबायचं."

"मग?"

"मग येतं."

आम्ही थांबलो. बाहेर वळचणीवरून पाणी ठिबकत होतं. तिचा श्वास ऐकू येत होता, माझा ऐकू येत होता. काळ्या काचेत आमचे दोघांचे चेहरे पुसट दिसत होते, दोन म्हातारे, टेकून बसलेले. मग मला वास आला. वेलदोड्याचा. ताज्या भाजलेल्या पुल्लाचा, लोणी वितळत असल्यासारखा. मी चुलीकडे पाहिलं. चूल थंड होती.

पांढरी ओळ विझली आणि पडद्यावर मार्लीन आली.

"आई!" ती हसत म्हणाली.

लेम्पी काही बोलली नाही. तिने गालाला हात लावला आणि नुसती बघत राहिली. मार्लीन मात्र ऐकत होती. मान हलवत होती, मध्येच हसत होती. "हो ना! मग काय म्हणाली ती?... नाही, नाही, तू उगाच... बरं, औषध घेतलंस?... शहाणी माझी आई." कुणीतरी उत्तरं देत होतं. लेम्पीचे ओठ मिटलेले होते. कॅमेरा चालू असला की त्याच्याजवळ बारीक दिवा लागतो, तो मी पाहिला. दिवा लागलेलाच नव्हता.

"मार्लीन..." मी म्हटलं. मी पडद्याकडे वाकलो. "मार्लीन, मी एनो."

तिला ऐकू गेलं नाही. तिची नजर आमच्यावर नव्हतीच. किंचित बाजूला, जिथे टेबलाची दुसरी खुर्ची होती, तिथे ती बघत होती. खुर्ची रिकामी होती.

"येते आई. उद्या भेटू. स्वेटरची बटणं लाव, गार आहे तुमच्याकडे."

पडदा काळा झाला. वास जरा वेळ राहिला, मग तोही गेला.

"रोज असंच होतं?" मी विचारलं.

"रोज." लेम्पी हळू आवाजात म्हणाली. "पहिल्या दिवशी मी बोलले. पण माझं तिला पोचतच नव्हतं. तिचं आपलं चाललंय, तिकडून कुणाशी तरी. मला वाटलं, तुमचं ते फुकटचं असंच असेल. फुकटच्या वस्तूला नावं कशी ठेवायची?"

"लेम्पी, यात काहीच नाहीये. मी विसरलो घालायला."

तिने माझ्याकडे पाहिलं. घाबरली नाही. घाबरायलाही माणसाच्या अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

"असं होय," ती म्हणाली.

मी लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले, डिस्क बसवली. पेनड्राइव्ह लावला. नेहमीचं हिरवं चित्र आलं, नेहमीसारखं त्याने विचारलं, डिस्क कोरी आहे, उतरवू का? मी हो म्हटलं. नाव विचारलं, लेम्पी लिहिलं. मग निळी पट्टी हळूहळू भरत गेली आणि आम्ही तिच्याकडे बघत बसलो. खिडकीबाहेर दिवस बुडत होता. मला इतकंच वाटत होतं की त्या घरात रिकामं मशीन राहायला नको. भरलेलं असावं. भरलेल्या वस्तूत दुसरं कुणी येत नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. मी शिकलेला माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी बसलो. दिवा लागला. हिरवट, बारीक. मार्लीन आली.

"आई..." ती म्हणाली आणि थांबली. "आई? अगं, काय झालंय तुला?"

"काही नाही ग," लेम्पी म्हणाली. हे मात्र पोचलं.

"किती वाळलीस तू! काल तर... तुझे केस... एनोकाका, हे काय आहे? मागे ती भांडी कधीची पडलीत? कालपर्यंत ही बरी होती!"

मी म्हटलं, "जरा थकलीय ती, पोरी."

"थकलीय? हाडं दिसतायत हिची! आई, मी शनिवारी येते. बॅग भरून ठेव. आता मी काही ऐकणार नाही." तिला रडू फुटलं होतं. राग नव्हता तो.

पडदा मिटला. लेम्पीने लॅपटॉप जरा दूर सारला. मग टेबलावरचे पावाचे चुरे बोटाने एकत्र करत म्हणाली, "एनो, ते काढ."

"काय?"

"काल घातलंस ते. काढून टाक."

"लेम्पी, तिला दिसलं ते खोटं नाही. येऊ दे तिला. तिथे गरम जेवण मिळेल, कुणी केस विंचरून देईल..."

"खरं काय ते मला आरशात दिसतं रोज." तिचा आवाज चढला नाही. "नवरी होऊन आले ती या दारातून. रेइनो गेला तो त्या खाटेवर. मला त्या वाळवंटात नेऊन कुंडीत लावू नका रे. मी जगणार नाही तिथे आणि मरणारही नाही. नुसती बसेन."

"आणि ती... जी कोण दिसते तिला?"

"ती काय वाईट करते?" लेम्पी म्हणाली. "माझ्यापेक्षा बरी आई आहे ती. पुल्ला भाजते. मला दमायला होतं, तिला होत नाही. काढ."

मी बसून राहिलो. खूप विचार केला म्हणू का? नाही केला. मी दमलो होतो. शनिवारी गाडी येणार, ही बाई दारात हात सोडवत उभी राहणार आणि ते मी खिडकीतून बघणार, एवढंच डोळ्यांसमोर आलं. मी लॅपटॉप उलटा केला. डिस्क काढली, खिशात घातली. पेनड्राइव्हही तपासला, माझ्याकडेच होता. झाकण बसवताना आतली मोकळी जागा दिसली, डिस्क बसते ती. तिथून ऊब येत होती. मशीन बंद होतं. तरी ऊब होती, कुणी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीला असते तशी.

मी स्क्रू लावले आणि घरी आलो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी पाठ धरली. अंथरुणातून उठलोच नाही. दिवसभर छताकडे बघत पडलो होतो. खोरं नाही, लाकडं नाही, चूलही पेटवली नाही. दुपारी समोरच्या घराकडे कान देऊन होतो, पण रस्त्यापलीकडचं काय ऐकू येणार? संध्याकाळी मार्लीनचा फोन आला. आवाज मोकळा होता. म्हणाली, काल उजेडाचाच काहीतरी घोळ झाला असणार, आई आज अगदी पहिल्यासारखी होती, आता शनिवारी येत नाही. "बरं झालं, काका. आता मला काळजी नाही," म्हणाली आणि का कोण जाणे, हसली.

सकाळी पाठ जरा सैल झाली तेव्हा मी काठी घेऊन रस्त्याकडच्या टपालपेटीपर्यंत गेलो. बर्फ थांबला होता. लेम्पीही तिच्या पेटीशी आली होती, झग्यावर रेइनोचा कोट घालून. दोन दिवसांपूर्वीपेक्षा आणखी वाळलेली वाटली मला. पण चेहरा शांत होता.

"काय म्हणतेस?" मी विचारलं.

"राहिले मी," ती म्हणाली. "मार्लीन खूश आहे. म्हणत होती, काल एनोकाकाही आले होते, किती वेळ बसले, तब्येत किती सुधारलीय त्यांची. तुझ्या हातात कॉफीचा कप होता म्हणे, आणि तू सारखा हसत होतास."

माझा हात पेटीच्या गार पत्र्यावर तसाच राहिला.

"लेम्पी," मी म्हटलं, "मी काल आलो नव्हतो."

तिने माझ्याकडे बघितलं, दया आल्यासारखं. मग कोटाची कॉलर वर केली, आणि दाराकडे वळता वळता म्हणाली, "माहीत आहे मला. तू यायची आता गरज नाही, एनो. जा, पड जरा."